२ नोव्हेंबर : मृत भाविकांच्या स्मरणदिनामागचा इतिहास

सकल संतांच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, २ नोव्हेंबरला, कॅथलिक भाविक आपल्या मृतांसाठी मिस्सा (चर्चमधली वेदीवरची मुख्य उपासना) अर्पण करतात, कबरींवर फुले वाहतात, मेणबत्त्या लावतात. हा दिवस पोपच्या एखाद्या फर्मानाने सुरू झाला असेल, असे सहज वाटते. प्रत्यक्षात तो एका मठात रुजला. रोमने तो पुढे आपलासा केला.

मृतांसाठी प्रार्थना करण्याची रीत त्याहून कितीतरी जुनी. कॅथलिक बायबलमधल्या मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथात ज्यू सेनानी यहूदा मक्काबी युद्धात पडलेल्या सैनिकांसाठी वर्गणी गोळा करतो आणि यरुशलेमला पापार्पणासाठी पाठवतो. इ.स. ३८७ मध्ये ओस्तिया इथे मृत्युशय्येवर असलेल्या मोनिकेने, संत ऑगस्टीनच्या आईने, मुलांना सांगितले, की माझा देह कुठेही पुरा, त्याची काळजी नको. प्रभूच्या वेदीपाशी तेवढी माझी आठवण ठेवा. ऑगस्टीनने आईची ही विनवणी लिहून ठेवली. पुढे सातव्या शतकात स्पेनमधल्या सेव्हिलचे बिशप इसिदोर यांनी मठवासीयांसाठी पेंटेकॉस्टचा (पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणाचा) दुसरा दिवस मृतांच्या मिस्सेला नेमून दिला.

२ नोव्हेंबर ही तारीख मात्र फ्रान्समधल्या क्लूनी मठाची देणगी. ९१० मध्ये स्थापन झालेल्या या मठात दिवंगत मठवासी आणि दाते यांच्या नावांची नोंदवही असे. ज्याची पुण्यतिथी, त्याचे नाव त्या दिवशी वाचले जाई. पण ज्यांचे नाव कुठल्याच वहीत नाही, त्यांचे काय? ९९४ ते १०४९ या काळात मठाधिपती असलेल्या ओडिलोने अकराव्या शतकाच्या सुरुवातीच्या आसपास नियम घालून दिला : १ नोव्हेंबरच्या संध्याप्रार्थनेनंतर सर्व घंटा वाजवाव्यात, दुसऱ्या दिवशी मिस्सा व्हावी, गरिबांना दानधर्म करावा, आणि हे सारे जगाच्या आरंभापासून होऊन गेलेल्या सगळ्या भाविकांसाठी. माझ्या मते ओडिलोचे खरे मोठेपण या ‘सगळ्या’त आहे. क्लूनीच्या आधिपत्याखाली असंख्य मठ होते; त्यांच्यामार्फत हा दिवस युरोपभर पसरला.

स्वर्गात जाण्याआधी मृतांचे आत्मे जिथे शुद्ध होतात आणि जिवंतांच्या प्रार्थनेने ज्यांना साहाय्य होते, त्या शुद्धिस्थानाची शिकवण चर्चच्या परिषदांनी अधिकृतपणे मांडली ती नंतर : लियाँ १२७४, फ्लॉरेन्स १४३९, ट्रेंट १५६३. म्हणजे लोक आधी प्रार्थना करत होते, सिद्धान्त मागून आला. सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारकांनी तो नाकारला, तरी आठवणीची गरज उरलीच. १८१६ मध्ये प्रशियाच्या राजाने प्रॉटेस्टंट चर्चसाठी उपासना-वर्षाचा शेवटचा रविवार मृतांच्या स्मरणासाठी ठरवला. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये यासाठी वर्षातले काही शनिवार राखलेले आहेत.

पहिले महायुद्ध पेटले असताना, १० ऑगस्ट १९१५ रोजी, पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी प्रत्येक धर्मगुरूला या दिवशी तीन मिस्सा अर्पण करण्याची मुभा दिली. स्पेन आणि पोर्तुगालला ती १७४८ पासूनच होती. तीनपैकी एक मिस्सा धर्मगुरू कुणाच्याही विनंतीवरून करू शकतो, एक पोपच्या हेतूंसाठी असते, आणि एक सर्व मृत भाविकांसाठीच राखलेली असते.