शुगरमधला 'श' कुठून आला?

उसाचा हंगाम सुरू झाला की सांगली-साताऱ्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो: इंग्रजांची 'शुगर' म्हणजे आपलीच 'शर्करा', दोन्हींतला 'श' ऐका, आणखी पुरावा कशाला हवा? यातलं अर्धं खरं आहे. शुगर हा शब्द शर्करेपासूनच निघाला. पण पुरावा म्हणून जो 'श' दाखवला जातो, तो शर्करेतला नाहीच. तो वाटेत केव्हाच गळाला होता. इंग्रजीतला 'श' पुढे इंग्लंडातच तयार झाला, आणि ज्या रीतीने झाला ती रीत वाळवा-कराडकडचा कुणीही माणूस पैशाचा हिशेब सांगताना रोज वापरतो.

आधी वाट पाहू. संस्कृतात शर्करा म्हणजे मुळात खडे, रेव. सुश्रुतसंहितेत लघवीवाटे पडणाऱ्या बारीक खड्यांनाही शर्कराच म्हटलं आहे. उसाचा रस आटवून त्याचे कण पाडायला लोक शिकले तेव्हा त्या कणांना हेच नाव मिळालं. शब्द फारसीत 'शकर' झाला, तिथून अरबीत 'सुक्कर'. अरबीत 'श' आहे, तरी या शब्दात 'स'च आला. अरबांनी उसाची शेती सिसिली आणि स्पेनपर्यंत नेली, सोबत शब्दही गेला. पोर्तुगीजमध्ये तो 'असूकार' झाला, अरबीतलं 'अल' पुढून चिकटून. इटालियनमध्ये 'त्सुक्केरो', फ्रेंचमध्ये 'स्युक्र'. इंग्रजीने तो १३व्या शतकाच्या सुमारास फ्रेंचमधून उचलला. अरबीपासून इथवर 'श' कुठेच नाही.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. फ्रेंच शब्दातला स्वर ओठ 'ऊ'चे आणि जीभ 'ई'ची ठेवून उच्चारतात. इंग्रजांनी त्याचा जोडस्वर केला, साधारण 'यू'सारखा. म्हणजे शब्द झाला 'स्यूगर'. 'स' म्हणताना जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे जातं आणि तिथल्या फटीतून हवा घासत बाहेर पडते. 'य'साठी जिभेचा मधला भाग टाळूकडे उचलावा लागतो. सावकाश बोललं तर या दोन हालचाली एकामागून एक होतात. भराभर बोलताना जीभ पहिली संपण्याआधीच दुसरी सुरू करते. टोक अजून 'स'च्या जागी, मधला भाग मात्र वर. हवा घासण्याची जागा मागे टाळूकडे सरकते आणि कानावर पडतो 'श'. 'य' त्यात मुरून जातो. १६व्या-१७व्या शतकांत इंग्रजीत हे घडलं. फ्रेंच 'स्यूर'चं 'श्युअर' असंच झालं. मिशन आणि प्रेशरमधला 'श' याच घराण्यातला, आणि 'नेचर'मधला 'च' म्हणजे 'त' आणि 'य' यांचा मिलाफ. स्पेलिंगमध्ये मात्र जुना 'एस' राहिला. मुलं वर्गात विचारतात की 'एच' नसताना शुगर का म्हणायचं, त्याचं उत्तर हे.

मराठीत पाहा. घोडा, घोड्याला. रस्ता, रस्त्यावर. आकारान्त पुल्लिंगी नामाला प्रत्ययाआधी 'या' लागतो. या नियमाने पैसा या शब्दाचं 'पैस्याला' व्हायला हवं, पण आपण म्हणतो पैशाला. मासा, माशाला. आरसा, आरशात. घसा, घशात. प्रत्येक ठिकाणी 'स' आणि 'य' मिळून 'श' झाला. 'म्हैस'चं 'म्हशी' होताना तेच काम 'ई' करते, कारण 'ई'साठीही जीभ टाळूकडेच जाते. भाषाशास्त्रात याला तालव्यीकरण म्हणतात. ते सरसकट घडत नाही: इंग्रजी 'स्यूट'मधला 'य' नुसताच गळाला आणि 'सूट' उरला.

आपली 'साखर' दुसऱ्या वाटेने आली. पालीत शर्करेचं 'सक्खरा' झालं. प्राकृतातलं जोडाक्षर सुटं करून आधीचा स्वर लांबवायचा ही मराठीची जुनी सवय: हत्थ, हात, सत्त, सात, तसं सक्खर, साखर. जतकडे कानडीत अजून 'सक्करे' म्हणतात, तिथे दुहेरी 'क्क' शाबूत आहे. आणि हाच प्राकृत शब्द ग्रीकांनी नेला, 'साक्खरोन' म्हणून. पहिल्या शतकात डायोस्कोरिडीस या वैद्याने त्याचं वर्णन केलंय: भारत आणि अरबस्तानातल्या बोरूत गोठणारा मध, मिठासारखा दातांखाली फुटणारा. त्यातूनच सॅकरिन या कृत्रिम गोड पदार्थाचं नाव निघालं. ते १८७९ साली सापडलं, आणि साखरेशी त्याचं रासायनिक नातं काहीच नाही.

म्हणून कानाला सारखं लागलं की नातं जोडून मोकळं होऊ नये. इंग्रजी 'बॅड' आणि 'बदनाम'मधला फारसी 'बद' यांचा अर्थ एक, उच्चारही जवळचा, पण एकमेकांशी संबंध शून्य. उलट इंग्रजी 'जॅगरी' म्हणजे गूळ, ऐकायला अगदी परका. पण मलबार किनाऱ्यावर पोर्तुगीजांनी शर्करेचंच तिथलं रूप ऐकून 'जागरा' केलं, त्याची ही जॅगरी. शुगर आणि जॅगरी सख्ख्या बहिणी आहेत.

रसायनशास्त्राच्या दृष्टीनेही त्या फार लांबच्या नाहीत. 'गुळाने शुगर वाढत नाही' असं छातीठोकपणे सांगून गुळाचा चहा विकला जातो, ते मला अजिबात मान्य नाही. गुळात थोडी खनिजं असतात, पण बहुतांश भाग सुक्रोजचाच, म्हणजे साखरेत असतं तेच. लहान आतड्यात त्याचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे होतात. मधुमेहाला आपण 'शुगर आहे' म्हणतो, त्या तपासणीत मोजतात ते ग्लुकोज. ते साखरेतून आलं की गुळातून, हे रक्ताच्या तपासणीत वेगळं दिसत नाही.