विकसक कन्सोल

विकसक कन्सोल : नेमबाजीच्या संगणकीय खेळांत, खेळ चालू असतानाच मजकुरी आज्ञा देण्यासाठी असलेली खिडकी. ती दुकानाच्या शटरसारखी पडद्याच्या वरच्या कडेवरून खाली उतरते आणि तिच्या तळाशी आज्ञा टंकण्याची एक ओळ असते. उघडण्याची कळ बहुधा एस्केपच्या खालची, १ च्या आकड्याला डावीकडे लागून असलेली असते. अमेरिकी धाटणीच्या (म्हणजे भारतातही वापरल्या जाणाऱ्या) कळफलकावर तिच्यावर टिल्डचे चिन्ह असते. जर्मन कळफलकावर त्याच जागी टोपीसारखे चिन्ह येते. मुळात खेळ घडवणाऱ्यांच्या कामाचे हे हत्यार, ते खेळाडूंच्या हाती राहिले आणि विशेषतः बहुखेळाडू खेळांत रुळले. आज्ञा टंकायच्या रोमन लिपीतच. येथे त्या उच्चारानुसार दिल्या आहेत.

कन्सोलमध्ये दिल्या जाणाऱ्या गोष्टी दोन प्रकारच्या. 'कनेक्ट', 'किल', 'स्टेटस' या निखळ आज्ञा होत, त्या एकदा घडून संपतात. 'सेन्सिटिव्हिटी' किंवा 'एफपीएस_मॅक्स' ही मात्र मूल्य धरून ठेवणारी चले; खेळाडूंच्या बोलीत त्यांना सीव्हार म्हणतात. नुसते नाव टंकले तर सध्याचे मूल्य दिसते, पुढे आकडा दिला तर ते बदलते. सर्वसामान्य बोलण्यात हा भेद पाळला जात नाही, दोन्हींना कमांडच म्हणतात.

उगम : अशी खिडकी रूढ करण्याचे श्रेय सामान्यतः अमेरिकेतील इड सॉफ्टवेअरच्या क्वेक या खेळाला (जून १९९६) दिले जाते. त्याच वर्षी फेब्रुवारीत खुल्या झालेल्या क्यूटेस्ट या चाचणी आवृत्तीतही ती होती. तेव्हा तिचा काळ १९९५-९६ असा ढोबळ धरणे अधिक सुरक्षित. त्याच संस्थेच्या डूममध्ये (१९९३) कन्सोल नव्हता. तेथे 'आयडीडीक्यूडी'सारखी अक्षरे चालत्या खेळातच, काय टंकतो आहोत हे न दिसता, टंकावी लागत.

कल्पना कोठून आली याविषयी तीन प्रकारची स्पष्टीकरणे दिली जातात. पहिले, डूममधील गुप्त अक्षरसंकेतांनाच पुढे खिडकी मिळाली. 'नोक्लिप' (भिंतींतून आरपार जाणे) आणि 'गॉड' (अभेद्यता) या सोयी दोन्हीकडे आहेत, एवढाच याला आधार. पण क्वेकच्या शेकडो चलांपैकी बहुतेकांचा अशा सवलतींशी संबंध नाही. दुसरे, त्याआधीच्या मजकुरी बहुखेळाडू खेळांतील 'आज्ञा टंका, उत्तर वाचा' या पद्धतीचा हा वारसा. तिसरे मत कन्सोलचे मूळ युनिक्स या संगणकप्रणालीच्या शेलमध्ये (टंकून आज्ञा देण्याच्या सोयीत) शोधते. इड सॉफ्टवेअरचे तेव्हाचे बरेचसे काम नेक्स्टस्टेप या युनिक्सकुळातील प्रणालीवर चाले, आणि क्वेकच्या कन्सोलमधील 'एलियस', 'इको', 'एक्झेक' व 'वेट' हे चारही शब्द शेलमध्ये जसेच्या तसे आढळतात. एका ओळीतील आज्ञा अर्धविरामाने तोडण्याची रीतही तीच. शिवाय चित्र न दाखवणाऱ्या स्वतंत्र सर्व्हरला (सामना चालवणाऱ्या यंत्राला) आज्ञा देण्यासाठी मजकुराखेरीज मार्गच नव्हता आणि क्वेकचा सर्व्हर त्याच आज्ञा नेहमीच्या टर्मिनलवरून (संगणकाच्या मजकुरी खिडकीतून) घेई. हे तिसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

क्वेकच्या ओळीआधी येणारी खूण उजवा चौकोनी कंस ही आहे. ॲपल २ या यंत्रावरील ॲपलसॉफ्ट बेसिकची खूणही तीच, आणि क्वेकचे जॉन कार्मॅक व जॉन रोमेरो या दोघांनीही सुरुवातीच्या काळात ॲपल २ साठी प्रोग्रॅम लिहिले होते. साम्य लक्षवेधी आहे; मात्र केवळ त्यावर उगमाचा डोलारा उभारता येत नाही.

उलट दिशेचा प्रभाव नि:संशय आहे. लिनक्सवरील याक्वेक आणि ग्वेक ही वरून खाली उतरणारी टर्मिनले क्वेकवरूनच नाव घेऊन आली आहेत.

रचना : क्वेकचा मूळ प्रोग्रॅम डिसेंबर १९९९ मध्ये खुला झाल्याने त्याची आतील मांडणी नेमकी सांगता येते. कळ दाबणे, कन्सोलमध्ये टंकणे, धारिका वाचणे आणि सर्व्हरने पाठवणे या चारही वाटांनी येणारा मजकूर एकाच ८,१९२ बाइटांच्या रांगेत पडतो आणि तेथून ओळीओळीने अमलात येतो. म्हणजे कन्सोल हा कळफलकाच्या वर बसवलेला जादा थर नव्हे. चालण्याची कळसुद्धा आतून 'प्लस फॉरवर्ड' ही आज्ञाच देत असते. कळ दाबली की 'प्लस', सोडली की 'मायनस'. 'वेट' या आज्ञेने उरलेली रांग पुढच्या फ्रेमपर्यंत (पडद्यावरील पुढच्या चित्रापर्यंत) थांबते. तिचा उपयोग सांगताना कार्यक्रमकर्त्यांनी प्रोग्रॅममध्येच एक नमुना लिहून ठेवला आहे : जी या कळीवर 'इम्पल्स ५, प्लस अटॅक, वेट, मायनस अटॅक, इम्पल्स २' असे बांधावे. कळ एकदा दाबली की पाचव्या क्रमांकाची सुपर नेलगन हाती येते, एक फ्रेमभर गोळीबार होतो आणि पुन्हा दुसऱ्या क्रमांकाची शॉटगन येते. पुढे वीस-पंचवीस वर्षे चाललेल्या 'स्क्रिप्ट ही लबाडी की कौशल्य' या वादाचे बीज असे खुद्द कर्त्यांच्याच हाताने पेरलेले आहे.

आवडीची मूल्ये 'ऑटोएक्झेक' नावाच्या धारिकेत लिहून ठेवली की खेळ सुरू होताना ती आपोआप लागू होतात. नामवंत खेळाडूंच्या अशा धारिका हातोहात फिरत.

सत्तेची वाटणी : बहुखेळाडू खेळात कोणते चल कोणाच्या हुकमतीत, हा कळीचा प्रश्न. क्वेकचे इंजिन (खेळ चालवणारा गाभ्याचा प्रोग्रॅम) परवान्याने घेऊन व्हॉल्व्ह या कंपनीने हाफ-लाइफ (१९९८) घडवला आणि त्यावर मिन्ह ले व जेस क्लिफ यांचा काउंटर-स्ट्राइक (१९९९) उभा राहिला. तेथे नावाच्या उपसर्गावरूनच ही वाटणी कळते. 'सीएल' ने सुरू होणारी चले खेळाडूच्या यंत्राची, 'एसव्ही' सर्व्हरची, 'एमपी' सामन्याच्या नियमांची. 'एसव्ही_चीट्स' हे चल सर्व्हरने १ केल्याखेरीज नोक्लिपसारख्या आज्ञा चालत नाहीत. ते चल आपल्या यंत्रावर १ करून दुसऱ्याच्या सर्व्हरवर अजिंक्य होता येते हा समज सर्वदूर आहे आणि चुकीचा आहे. भिंतीपलीकडचे दाखवणारे किंवा नेम धरून देणारे बाहेरचे प्रोग्रॅम ही वेगळीच गोष्ट. त्यांचा कन्सोलशी संबंध नाही.

नावात 'चीट्स' असले तरी त्याचा प्रामाणिक वापर सरावात होतो. काउंटर-स्ट्राइक : ग्लोबल ऑफेन्सिव्हमध्ये (२०१२) सरावाच्या सर्व्हरवर 'एसव्ही_शोइम्पॅक्ट्स १' दिले की भिंतीवर लागलेल्या प्रत्येक गोळीच्या जागी छोटे चौकोन उमटतात. लाल चौकोन खेळाडूच्या यंत्राने मानलेली जागा दाखवतो, निळा सर्व्हरने मानलेली. एकाच गोळीचे दोन चौकोन एकमेकांपासून सरकलेले दिसले की 'मी तर बरोबर मारली होती' या नेहमीच्या तक्रारीचा उलगडा डोळ्यांपुढे होतो.

चलांचा खेळाच्या भौतिकीवरच परिणाम झाल्याचे प्रसिद्ध उदाहरण क्वेक ३ अरेना (१९९९) मधले. तेथे जाळ्यावरून जाणारी माहिती कमी व्हावी म्हणून प्रत्येक फ्रेमच्या शेवटी खेळाडूचा वेग जवळच्या पूर्णांकात बसवला जातो. गुरुत्वाकर्षण ८०० आणि उडीचा आरंभवेग २७०. 'कॉम_मॅक्सएफपीएस १२५' (सेकंदाला जास्तीत जास्त १२५ फ्रेम) ठेवले तर एक फ्रेम ८ मिलिसेकंदांची होते. तेवढ्यात वेग ६.४ ने घटून २६३.६ व्हायला हवा, पण पूर्णांकात तो २६४ होतो. दर फ्रेमला ६.४ ऐवजी ६ च घट, म्हणजे गुरुत्वाकर्षण प्रत्यक्षात ७५० इतकेच. मूळ मूल्य ८५ असता फ्रेम ११ मिलिसेकंदांची धरली जाते, तेथे ८.८ चे ९ होतात आणि गुरुत्वाकर्षण सुमारे ८१८ पडते. हिशेब मांडला तर १२५ वाल्याची उडी सुमारे ४ एककांनी उंच जाते, आणि काही उड्या ८५ वर साधतच नाहीत. साहजिकच सगळ्यांनी १२५ धरले. पुढे 'पीमूव्ह_फिक्स्ड' या चलाने सर्व्हरला हा फरक मिटवण्याची सोय मिळाली. ज्या चलाचे काम केवळ चित्राचा वेग आवरणे, त्याने उडी बदलावी, हे कन्सोलच्या इतिहासातले बहुधा सर्वांत बोधक प्रकरण.

दृश्याच्या चलांवरूनही तंटे झाले. 'आर_पिकमिप' वाढवून भिंतींचे पोत पुसट करायचे आणि 'सीजी_फोर्समॉडेल १' ने सगळे प्रतिस्पर्धी एकाच रूपात आणायचे, म्हणजे सपाट पार्श्वभूमीवर ते उठून दिसत. खेळ कुरूप होई, पण जिंकायला सोपा.

सर्व्हरकडून येणारी आज्ञाही खेळाडूच्या रांगेतच पडते, ही मूळ रचनेतली सैल जागा. काउंटर-स्ट्राइक १.६ च्या काळात काही सर्व्हरचालक आलेल्या खेळाडूच्या कळा बदलून टाकत किंवा त्याला न विचारता दुसऱ्या सर्व्हरवर पाठवत. याला 'स्लोहॅक' म्हणत. याच्या उलट दिशेची सोय म्हणजे 'आरकॉन' : संकेतशब्द देऊन दूरच्या सर्व्हरला आज्ञा देणे. क्वेकवर्ल्डमध्ये (क्वेकच्या इंटरनेटवर खेळायच्या आवृत्तीत) हा संकेतशब्द जाळ्यावरून उघडाच जाई.

महाराष्ट्रात : पुण्या-मुंबईसह अनेक शहरांतील सायबर कॅफेंत काउंटर-स्ट्राइक १.६ लॅनवर (कॅफेतील यंत्रांच्या जाळ्यावर) खेळला जाई, आणि कित्येकांची कन्सोलशी पहिली भेट तेथलीच. एका यंत्रावर सामना सुरू करायचा, बाकीच्यांनी 'कनेक्ट' आणि पुढे त्या यंत्राचा आयपी पत्ता (जाळ्यावरील क्रमांक) टंकायचा. पोर्ट ठरलेले, २७०१५. 'एमपी_स्टार्टमनी १६०००' देऊन सर्वांना पहिल्या फेरीपासून महागडी हत्यारे, आणि गडबड झाली की 'एसव्ही_रिस्टार्टराउंड १' देऊन सामना नव्याने. तासावर पैसे मोजायचे असल्याने खेळातल्या ८०० डॉलरांपासून रीतसर सुरुवात करण्याइतका धीर फारसा कोणाला नसे.

अलीकडील स्थिती : कन्सोलची मोकळीक आक्रसत आहे. काउंटर-स्ट्राइक २ (सप्टेंबर २०२३) मध्ये तो आहे, पण मांडणीच्या पानावरून मुद्दाम सुरू करावा लागतो. उडी आणि बॉम्बफेक एकाच कळीवर बांधण्याची 'जंपथ्रो' ही वर्षानुवर्षांची युक्ती ऑगस्ट २०२४ मध्ये व्हॉल्व्हच्या सर्व्हरांवर बंद झाली. हालचालीच्या वा हल्ल्याच्या एकाहून अधिक क्रिया एका कळीवर बांधणे तेथे आता चालत नाही. रायट गेम्सच्या व्हॅलोरंटमध्ये (जून २०२०) खेळाडूसाठी कन्सोल ठेवलेलाच नाही, आणि सरावाच्या सवलती नेहमीच्या यादीतून निवडाव्या लागतात.