पतधोरणाच्या सकाळी गिल्ट फंड घेण्याआधी

रिझर्व्ह बँकेच्या पतधोरणाच्या दिवशी गव्हर्नरांचे निवेदन सकाळी १० वाजता सुरू होते. रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर, त्यात जाहीर होतो. सव्वादहापासून आमच्याकडे फोन येऊ लागतात: "रेपो कमी झाला ना, मग एफडी मोडून गिल्टमध्ये टाका." गिल्ट फंड म्हणजे सरकारी रोख्यांत पैसे गुंतवणारा म्युच्युअल फंड. पुढे एनएव्ही (फंडाच्या एका युनिटचा भाव) उतरली की तेच ग्राहक विचारतात, व्याजदर कमी होऊनही फंड खाली कसा?

अपेक्षित कपात रोख्यांच्या भावात आधीच धरलेली असते. त्या दिवशी भाव हलतो तो अनपेक्षित गोष्टीने आणि पुढच्या वाटचालीच्या संकेताने. ६ जून २०२५ चे उदाहरण घ्या. बहुतेकांनी पाव टक्का धरला होता, रेपो अर्धा टक्का घटून ५.५० वर आला. सीआरआरही (बँकांनी रिझर्व्ह बँकेकडे ठेवायच्या रोख रकमेचे प्रमाण) टप्प्याटप्प्याने १ टक्का कमी होणार होता. पण त्याच निवेदनात भूमिका 'उदार'वरून (कल दरकपातीकडे) 'तटस्थ' (दर कुठेही जाऊ शकतो) झाली, आणि वाढीला आधार द्यायला आता फारच थोडी जागा उरली आहे, असे गव्हर्नर संजय मल्होत्रा यांनी सांगितले. बाजाराने हे शेवटचे वाक्य धरले. सुरुवातीला उतरलेला दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचा यील्ड (बाजारभावाने घेतल्यास मिळणारा परतावा) फिरला. ऑगस्टअखेर तो धोरणाआधीच्या पातळीपेक्षा बराच वर होता.

यील्ड चढला की हातातल्या रोख्याचा भाव पडतो. किती, ते फंडाच्या मॉडिफाइड ड्युरेशनवरून कळते: यील्ड १ टक्क्याने हलला तर भाव साधारण किती टक्के हलेल, ते सांगणारा हा आकडा. ड्युरेशन ७ असेल आणि यील्ड ०.२५ टक्क्याने चढला, तर एनएव्ही साधारण १.७५ टक्के घटते. अगदी अल्प मुदतीच्या रोख्यांत असलेल्या लिक्विड फंडाला हाच धक्का जेमतेम जाणवतो. ड्युरेशनचा आकडा दरमहा फंडाच्या माहितीपत्रकात (फॅक्टशीट) छापलेला असतो. एनएव्हीच्या आधी तो बघा.

सकाळच्या घाईने हाती काही लागतही नाही. गिल्ट फंडात दुपारी ३ च्या आत अर्ज आणि पैसे दोन्ही पोहोचले, तर त्या दिवसअखेरची एनएव्ही मिळते. सव्वादहाला घेणाऱ्याला आणि अडीचला घेणाऱ्याला भाव एकच. म्हणून आम्ही १२ च्या पत्रकार परिषदेपर्यंत थांबायला सांगतो. काहींना ही टाळाटाळ वाटते, पण खरा खुलासा बहुधा तिथल्या प्रश्नोत्तरांत होतो. चेक मात्र टाळा. पैसे जमा होईपर्यंत एनएव्ही लागत नाही.

बैठकीचे इतिवृत्त चौदाव्या दिवशी येते. पतधोरण समितीच्या सहा सदस्यांपैकी कोणी वेगळे मत दिले, ते त्यात वाचायला मिळते.

तुमच्या डेट फंडांचे (रोख्यांत गुंतवणाऱ्या फंडांचे) स्टेटमेंट धोरणाच्या दोन दिवस आधी पाठवा. प्रत्येक योजनेसमोर ड्युरेशन आणि एक्झिट लोड (ठरावीक काळाआधी पैसे काढल्यास लागणारे शुल्क) लिहून देतो. गुंतवणूक दुसरीकडून केलेली असली तरीही.