कॅमेऱ्यापुढचे सहा कॉपीबहाद्दर

बोर्डाच्या परीक्षेला केंद्राच्या आवारात भरारी पथकाची गाडी शिरली की वर्गाच्या खिडक्यांतून चिठ्ठ्यांचा पाऊस पडायचा. पथकाने कुणालाही पकडलं नाही तरी त्या तीन तासांपुरतं त्याचं काम झालेलं असायचं. ऑनलाइन परीक्षेतला कॅमेरा त्याच जातकुळीचा आहे, हे माझं मत नेदरलँड्समधल्या एका प्रयोगाबद्दल वाचल्यावर पक्कं झालं.

ट्वेंटे विद्यापीठातल्या संशोधकांनी ३० विद्यार्थ्यांची एक परीक्षा घेतली. त्यांच्यावर पहारा होता प्रॉक्टोरिओ या सॉफ्टवेअरचा. कुणाचं वागणं संशयास्पद वाटलं की ते आपोआप खूण करून ठेवतं. सहा जणांना आधीच सांगून ठेवलं होतं, की कॉपी करा. आणखी पाच जणांनी पेपर प्रामाणिकपणे सोडवायचा, पण चुळबुळ करत, घाबरल्यासारखा. निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. सहापैकी एकाही कॉपीबहाद्दरावर सॉफ्टवेअरने बोट ठेवलं नव्हतं. माणसाने स्वतंत्रपणे तपासलं तेव्हा कुठे एक सापडला. ही मुलं कॉम्प्युटर सायन्सची, यंत्राला गुंगारा देण्यात चारचौघांपेक्षा पुढे, हे मान्य. गंमत अशी, की असा पहारा असला की लोक कॉपी करायला कचरतात, असं त्यांच्यातल्याच बहुतेकांना वाटत होतं. गाडी आवारात उभी असली की पुरे!

समजा, उद्या हे सॉफ्टवेअर भरपूर सुधारलं. १,००० मुलं परीक्षेला बसली, त्यातली ५० कॉपी करताहेत. सॉफ्टवेअर शंभरातले ८० चोर पकडतं आणि शंभर प्रामाणिकांपैकी फक्त १० जणांवर चुकून संशय घेतं. ऐकायला उत्तम. आता हिशोब करा. चोर सापडले ४०. उरलेल्या ९५० प्रामाणिक मुलांपैकी ९५ जणही त्याच यादीत आले. म्हणजे १३५ नावांच्या यादीत दोन तृतीयांशांहून जास्त नावं निरपराध मुलांची. आणि हे ९५ कोण असणार? एका खोलीच्या घरात राहणारी, मागून धाकटा भाऊ डोकावतोय, लाइट गेली म्हणून चेहरा अंधारात गेलाय, अशीच मुलं.

कॉपीचा माग चेहऱ्यापेक्षा घड्याळात चांगला लागतो. एमआयटी आणि हार्वर्ड यांच्या खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांत काही जण दोन खाती उघडत. एक खातं फक्त उत्तरं गोळा करायला: काहीतरी ठोकून द्यायचं, संगणक बरोबर उत्तर दाखवतो, ते टिपून घ्यायचं. मग दुसऱ्या, खऱ्या नावाच्या खात्यात पहिल्याच फटक्यात बरोबर उत्तर. चेहरा बघून यातलं काय कळणार? पण कोणत्या खात्याने कोणत्या क्षणी कुठे क्लिक केलं, याची नोंद सर्व्हरवर राहतेच. एका खात्याला उत्तर दिसलं, की थोड्याच वेळात दुसऱ्या खात्यात तेच उत्तर. आणि हे पुन्हा पुन्हा, प्रश्नामागून प्रश्न. अशा ११५ अभ्यासक्रमांच्या नोंदी चाळून संशोधकांना या मार्गाने मिळवलेली १,२३७ प्रमाणपत्रं सापडली. हा आकडाही हातचं राखून काढलेला. ज्यांच्या खिशात २० किंवा जास्त प्रमाणपत्रं होती, अशा ज्ञानपिपासूंपैकी तर २५ टक्क्यांनी ही युक्ती वापरली होती! यावर उपाय साधा आहे. मुदत संपेपर्यंत उत्तर दाखवायचंच नाही, आणि प्रत्येकाच्या प्रश्नात आकडे वेगळे घालायचे.

हे मला टाळेबंदीतच सुचायला हवं होतं. तेव्हा फिजिक्सच्या ऑनलाइन पेपरात मी सगळ्यांना एकच प्रश्न दिला होता: सेकंदाला २० मीटर वेगाने सरळ वर फेकलेला दगड किती उंच जाईल? उत्तर २०.४ मीटर. १७ जणांनी पायऱ्या बिनचूक मांडून खाली लिहिलं होतं २४.०. ग्रुपवर कुणीतरी घाईत आकड्यांची अदलाबदल केली होती आणि बाकीच्यांनी इमानेइतबारे ती उतरवली. बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखंच यायचं, त्यावरून काही सिद्ध होत नाही. दोनाने भागायला विसरून ४०.८ लिहिणारेही दरवर्षी भेटतात. पण २४.० ही दुर्मिळ चूक, आणि ती १७ जणांना वेगवेगळी सुचण्याची शक्यता जवळजवळ शून्य. कॉपी शोधण्याच्या संख्याशास्त्रीय पद्धतींचा पाया बराचसा हाच: सामायिक चुका मोजा, त्यातही विरळ चुकांना जास्त वजन द्या.

‘मी प्रामाणिकपणे परीक्षा देईन’ या प्रतिज्ञेचं काय? भारतातल्या ६३२ विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन परीक्षांत हे तपासलं गेलं, तेही मुलांना विचारून नव्हे, कॉपी थेट मोजून. प्रतिज्ञेने नगण्य फरक पडला. सापडलात तर काय होईल, हे स्पष्ट शब्दांत बजावलं, तेव्हा मात्र कॉपी साधारण निम्म्यावर आली.

मला सगळ्यांत आवडलेली युक्ती अमेरिकेतल्या रेन्सेलर पॉलिटेक्निक या विद्यापीठाची, २०२१ सालचीच. पडद्यावर एका वेळी एकच प्रश्न, ठरावीक मिनिटं, मागे जायची सोय नाही. आधीच्या गुणांवरून क्रम असा लावायचा, की एखादा प्रश्न कच्च्या मुलाला आधी आणि हुशार मुलाला नंतर यावा. हुशार मुलाकडे उत्तर तयार होईपर्यंत दुसऱ्याची वेळ टळून गेलेली असते. संगनमताचा फायदा यामुळे शेकडो पटींनी घटतो, असा त्यांचा हिशोब. हुशार मुलगा स्वतःचा प्रश्न सोडून मित्राचा सोडवत बसला तर? बसेलही, पण स्वतःचे गुण घालवून मैत्री निभावणारे थोडेच.

मात्र मित्राच्या जागी चॅटबॉट आला, की ही युक्ती लंगडी पडते. त्याला झोप नाही, स्वतःचा पेपर नाही. त्याचं लेखन ओळखणारी यंत्रंही बेभरवशाची. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेच असं एक यंत्र जानेवारी २०२३ मध्ये आणलं आणि अचूकता कमी म्हणून जुलैमध्ये मागे घेतलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे ९१ निबंध अशा सात यंत्रांना दिले. सरासरी ६१ टक्के निबंध यंत्रलिखित ठरले. कारण ही यंत्रं पुढचा शब्द किती सहज ओळखता येतो ते पाहतात, आणि शिकलेल्या इंग्रजीत माणूस साधे, ओळखीचे शब्दच वापरतो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाने सरळ वाक्यं लिहिली म्हणून तो चोर?

आयआयटींचे ऑनलाइन अभ्यासक्रम चालवणाऱ्या एनपीटीईएलने ही कटकट फारशी अंगाला लावून घेतलेली नाही. व्हिडिओ घरी बघा, स्वाध्याय घरी करा. त्यांना वजन २५ टक्के. उरलेले ७५ टक्के प्रत्यक्ष केंद्रावर, पर्यवेक्षकासमोर.

माझ्या छोट्या चाचण्या अजून ऑनलाइनच असतात. आता प्रत्येकाचा दगड वेगळ्या वेगाने वर जातो. परवा चाचणी चालू असतानाच एकाचा मेसेज आला: ‘सर, माझ्या पेपरात वेग १७ आलाय आणि शेजारच्याच्या २३. कुणाचा चुकलाय?’