अंगणातलं कासव आणि सोलापूरचं ऊन

सुलकाटा जातीचं कासव मूळचं आफ्रिकेतल्या सहाराच्या दक्षिण कडेचं. तेव्हा सोलापूरचं ऊन त्याला काय करणार, असा हिशेब सहज केला जातो. त्या हिशेबात बीळ धरायचं राहून जातं. तिकडे हे कासव ऐन दुपारी उन्हात नसतंच. स्वतः खणलेल्या काही मीटर लांब बिळात, गार आणि दमट मातीत ते पडून असतं. आपल्या अंगणात बीळ नसतं, शहाबादी फरशी असते.

आधी कायद्याचं. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं आपलं देशी तारा कासव घरात ठेवणं गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याला २०२२ साली दुरुस्ती झाली, त्यात ते पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत गेलं. ‘घरात शुभ असतं’ म्हणून कुणी देऊ केलं तरी घ्यायचं नाही. सापडलं तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवायचं. सुलकाटा परदेशी, त्याची नोंद २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते. टाकीत पोहणारं, कानामागे लाल पट्टा असलेलं कासव वेगळं. ते पाण्यातलं, त्याला पुढचं काही लागू नाही. कंटाळा आला म्हणून ते संभाजी तलावात मात्र सोडू नका.

मग कासवाला बाहेर काढायचंच कशाला? अतिनील ‘ब’ किरणांसाठी. हे किरण कातडीवर पडले की शरीरात ‘ड३’ जीवनसत्त्व तयार होतं. ते कमी पडलं तर खाल्लेलं कॅल्शियम आतड्यातून रक्तात नीट उतरत नाही, कवच मऊ पडतं, पाय वाकतात. खिडकीच्या काचेतून ऊब आत येते, हे किरण जवळजवळ येत नाहीत. त्यामुळे हॉलमधल्या कवडशात बसवलेलं कासव नुसतं शेकत असतं. सूर्य फार खाली असतानाही किरणांना हवेतून लांबचा पल्ला पडतो आणि बरेचसे वाटेतच अडतात. मे महिन्यात सकाळी साडेसहाला बाहेर काढलं तर चरणं होतं, पण कामाचं ऊन आठ ते नऊचं. साडेनऊला आत. संध्याकाळी सहानंतर, फरशी निवल्यावर, पुन्हा थोडा वेळ. जानेवारीत, गड्डा यात्रेच्या दिवसांत उलटं: सकाळचा गारठा जाऊ द्यायचा आणि साडेदहा ते चार बाहेर ठेवायचं.

वेळेपेक्षा थर्मामीटरवर जास्त विश्वास ठेवा, आणि तो ठेवायचा कुठे हे महत्त्वाचं. हवामान खातं तापमान सावलीत, साधारण छातीच्या उंचीवर मोजतं. कासव जमिनीपासून दोन बोटांवर जगतं. बातम्यांत ‘पारा ४०’ म्हणतात तेव्हा उन्हातली फरशी त्याच्या कितीतरी पुढे गेलेली असते. म्हणून थर्मामीटर दोन ठिकाणी, जमिनीलगत: एक ऊन खाण्याच्या जागी, एक सावलीत. पहिल्या जागी ३२ ते ३५ अंश चांगले. सावलीतला आकडा ३० च्या आसपास हवा. सावलीतच ३५ च्या वर गेलं की त्या दिवसाचा फेरफटका संपला. कासवाला घाम येत नाही. उन्हापासून सावलीत आणि सावलीतून उन्हात सरकणं एवढाच त्याचा कूलर, आणि सरकायला जागाच नसेल तर तोही बंद.

सावली कशाची करता यावरही बरंच अवलंबून आहे. नुसता पत्रा तापतो आणि खाली उष्णता फेकतो. पत्र्यावर वीतभर कडबा टाकला की फरक लगेच हाताला कळतो. त्याखाली तोंड फुटलेला मोठा माठ किंवा रांजण आडवा, अर्धा मातीत पुरायचा, वरून माती चढवायची आणि सकाळी ती ओली करायची. पाणी उडताना माठ गार होतो. आपण पिण्याच्या पाण्यासाठी करतो तेच, फक्त आत कासव. तोंड कासवाच्या दीडपट रुंद हवं, नाहीतर आत अडकतं. मोठ्या सुलकाटाला माठ पुरायचा नाही. ते चाळीस किलोच्या पुढेही जातं, त्याला विटांची खोलीच बांधावी लागते.

कुंपण जाळीचं नको. पलीकडचं दिसलं की कासव दिवसभर तिथेच ढुशा देत राहतं, नाक सोलवटतं. लहान कासवाला दीड फूट उंच, एक फूट जमिनीत गेलेली विटांची भिंत करा. चढण्याचा प्रयत्न बहुतेक कोपऱ्यात होतो, आणि तिथूनच ते पाठीवर पडतं. कासवाच्या बरगड्या कवचालाच जोडलेल्या, त्यामुळे छाती फुगवून श्वास घेणं नाही. आतले स्नायू फुप्फुसांना दाबतात, ताणतात. फुप्फुसं पाठीच्या कवचाखाली असतात. उलटं पडलं की आतड्यांचं सगळं वजन त्यांच्यावर येतं. सावलीत ते धडपडून सुलटं होईलही. मे महिन्याच्या उन्हात तेवढा वेळ मिळत नाही. उपाय स्वस्त आहे: प्रत्येक कोपऱ्यावर फरशीचा तिकोनी तुकडा आडवा बसवायचा. वरून एक इंची जाळी हवी, कारण लहान कासव कावळा उचलतो, मुंगूस आणि घूस रात्री येतात. भटक्या कुत्र्याला कवच म्हणजे हाडूकच.

तळाला काळी माती नको. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, त्यात पाय अडकतो. सप्टेंबरच्या पावसात तिचा चिखल होतो. मुरूम आणि बागेतली माती मिसळून उतार द्यावा. ओलं आणि गार एकत्र आलं की छाती धरते: नाकातून बुडबुडे, तोंड उघडं ठेवून श्वास. पाण्याला कुंडीखालची उथळ बशी पुरे. जमिनीवरच्या कासवाला पोहता येत नाही, वीतभर खोल घमेल्यातही बुडतं.

चरायला हराळी, जास्वंदीची पानं-फुलं, काटे काढलेला निवडुंग चालेल. कण्हेर, पिवळी कण्हेर, धोतरा, घाणेरी आवारात असेल तर आधी उपटा. गळलेलं फूलही पोटात जायला नको. ज्वारीचे कोवळे फुटवेही देऊ नका, गाईगुरांना किराळ लागते ती त्यातल्याच विषाने. मुंग्यांसाठी पावडर टाकलेल्या जागी कासव सोडायचं नाही.

फिरायला नेताना दोरी बांधता यावी म्हणून कवचाच्या कडेला भोक पाडतात, ते तर अजिबात नको. कवच हे जिवंत हाड आहे, त्यात रक्त आणि नसा आहेत. नखाच्या टोकाला नव्हे, हाडालाच भोक पडतं.

उन्हाचा फटका बसत असेल तर आधी कासव सैरभैर धावतं, तोंडाला फेस येतो, मग मान लोळते. तसं दिसलं तर सावलीत घेऊन हनुवटीपर्यंत येईल इतक्या साध्या पाण्यात ठेवा. फ्रिजचं किंवा बर्फाचं पाणी नको, ताप सावकाश उतरायला हवा. दहा-पंधरा मिनिटांत हालचाल नीट झाली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा; आतली इजा वरून दिसत नाही. एरवीसुद्धा रात्री आत आणताना पोटाकडची बाजू बघून घ्यावी, जखम, गोचीड तिथेच सापडतात. मग साबणाने हात धुवा, कासवं पोट बिघडवणारे साल्मोनेला जिवाणू बाळगून असतात.