वृद्ध रुग्ण आणि पलंगावरची सक्तीची विश्रांती : एक खुलासा

‘वय झालेल्या माणसाने आजारपणात पलंगावरून उठूच नये’ हा समज इतका पक्का आहे की, रुग्ण स्वतःहून पाय खाली सोडू लागला तरी चार हात त्याला पुन्हा आडवे करायला धावतात. या काळजीत माया आहे, पण तिला संशोधनाचा आधार नाही. ब्रिटिश डॉक्टर रिचर्ड अ‍ॅशर यांनी पडून राहण्याचे धोके १९४७ सालीच मांडले होते. पुढे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १५ विकारांवरील ३९ उपचार-चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध झाला, तेव्हा सक्तीच्या विश्रांतीमुळे एकाही निकषावर लक्षणीय सुधारणा झाल्याचे आढळले नाही, उलट काही बाबतींत रुग्णांची स्थिती बिघडली होती.

याहून बोलका प्रयोग २००७ चा आहे. धडधाकट ज्येष्ठांना केवळ १० दिवस पलंगावर ठेवले असता त्यांच्या पायांतील स्नायूंचे वजन सुमारे एक किलोने घटले. ही माणसे आजारी नव्हती, हे विशेष. प्रत्यक्षात नुकसान दिसते ते पहिल्यांदा उठताना: रक्तदाब झपकन उतरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, गुडघे लटपटतात, आणि घरचे म्हणतात, ‘बघा, अजून अशक्तपणा आहे’. तो अशक्तपणा बरेचदा आजाराचा नसून पडून राहण्याचाच असतो.

अस्थिर अस्थिभंगासारख्या (मोडलेले हाड जागेवरून सरकण्याचा धोका असलेल्या) अवस्थांत हालचाल रोखावीच लागते. मात्र तसे कारण डॉक्टरांनी सांगितलेले नसेल, तर आधार देऊन रुग्णाला खुर्चीत बसवणे आणि स्वच्छतागृहापर्यंत चालवत नेणे हा उपचाराचाच भाग आहे.