फेसाळ पेशी आणि तुंबलेली मोरी

क्षयाच्या गाठीचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की मधल्या पनीरासारख्या भुसभुशीत भागाच्या कडेला काही भक्षक पेशी (जंतू गिळणाऱ्या बचावपेशी) साबणाच्या फेसासारख्या दिसतात. अंगभर गोल गोल भोके. ही भोके मुळात भोके नसतात. काप तयार करताना ऊती अल्कोहोल आणि झायलिनमधून काढावी लागते. त्यात पेशीतली चरबी विरघळून जाते आणि मागे उरते ती तिची रिकामी जागा. कुष्ठरोगाच्या गाठींतल्या अशाच पेशींना एकोणिसाव्या शतकातले जर्मन वैद्य रुडॉल्फ फिरखो यांचे नाव आहे. म्हणजे पुरावा दीडशे वर्षे डोळ्यांसमोर होता, फक्त धुऊन निघालेला.

त्या चरबीचे जंतूला काय, याचा पहिला ठोस धागा १९५६चा. सीगल आणि ब्लॉक यांनी क्षयाचे जंतू नळीत न वाढवता थेट आजारी उंदरांच्या फुप्फुसांतून काढले. त्यांना ग्लुकोज दिले, तर त्यांचा श्वसनाचा वेग फारसा हलेना. मेदाम्ले, म्हणजे चरबीचे घटक, दिली, की वाढे. १९९८मध्ये जंतूचा जनुकसंच वाचून झाला, तेव्हा जवळपास ४,००० जनुकांत मेदाम्लांच्या चयापचयाशी निगडित सुमारे २५० विकरे निघाली. ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूकडे ती ५०च्या आसपास. एवढा जामानिमा उगाच कोण बाळगतो?

२०००मध्ये बाझलच्या गॅटफिल्ड आणि पीटर्स यांनी दाखवले, की भक्षक पेशीच्या आवरणातले कोलेस्टेरॉल, म्हणजे चरबीचाच एक प्रकार, काढून घेतले, तर जंतूला आत शिरणेच अवघड जाते. २००८मध्ये पांडे आणि ससेटी यांनी जंतूची कोलेस्टेरॉल आत ओढणारी यंत्रणा शोधली, तिचे नाव एमसीई४. ती मोडलेला जंतू उंदरात सुरुवातीला व्यवस्थित वाढतो, पण पुढे संसर्ग जुना होत जातो तसा त्याला तग धरता येत नाही.

इथवरची गोष्ट एकतर्फी आहे: जंतू खातो, पेशी खाऊ घालते. माझ्या मते खरी गंमत पेशीच्या बाजूने पाहिल्यावर सुरू होते. आपल्या पेशींना कोलेस्टेरॉलची चार कड्यांची चौकट फोडताच येत नाही. क्षयाच्या जंतूला येते. पेशीपुढे मार्ग दोनच. थेंबांच्या रूपात साठवा, नाहीतर बाहेर काढा. बाहेर काढण्याची मोरी म्हणजे एबीसीए१ हे प्रथिन. ते कोलेस्टेरॉल बाहेरच्या वाहकाच्या हाती देते, त्यातून एचडीएल तयार होते आणि माल यकृताकडे जातो. ही मोरी जन्मतः बंद असली तर काय होते, ते अमेरिकेतल्या टँजिअर बेटावरच्या मुलांत दिसले होते. त्यांचे टॉन्सिल चरबीने भरून नारिंगी झाले होते. त्यामागचे जनुक एबीसीए१च आहे, हे १९९९मध्ये कळले.

पेशीत कोलेस्टेरॉल वाढल्याची वर्दी एलएक्सआर ही प्रथिने देतात आणि मोरी उघडायला लावतात. ती नसलेले उंदीर क्षयाला अधिक बळी पडतात, हे २००९मध्ये स्पष्ट झाले. जंतूलाही हे ठाऊक असावे. २०१६मधल्या एका अभ्यासात दिसले, की संसर्ग झाल्यावर पेशीत एमआयआर-३३ नावाचा आरएनएचा तुकडा वाढतो. हाच तुकडा एबीसीए१ला आवर घालतो, शिवाय पेशीची स्वतःतला कचरा पचवण्याची क्षमताही मंदावतो. मोरीला बोळा घातला, वर झाडूही लपवून ठेवला!

तरीही साठलेला प्रत्येक थेंब म्हणजे जंतूचे जेवण, असे म्हणायला २०१८पासून जागा राहिलेली नाही. इंटरफेरॉन-गॅमा या बचावाचा संदेश देणाऱ्या प्रथिनाने सज्ज झालेली पेशी हे थेंब स्वतःहून तयार करते आणि त्यांचा तिच्या बचावाला उपयोग होतो, असे तेव्हा आढळले. आहाराचाही गोंधळच. पूर्वी क्षयरोग्याला दूध, लोणी, अंडी भरपूर देत. २००५मध्ये मेक्सिकोतल्या २१ रुग्णांच्या छोट्या चाचणीत औषधांसोबत रोज ८०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल घेणाऱ्यांची थुंकी २५० मिलिग्रॅमवाल्यांपेक्षा लवकर जंतुमुक्त झाली. उलट २०१४मध्ये, कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखणाऱ्या स्टॅटिन औषधांनी उंदरांतले आणि मानवी पेशींतले जंतू घटले.

मग स्टॅटिन माणसांना देऊन पाहणे ओघाने आले. त्यातही अडचण होती: क्षयाचे मुख्य औषध रिफाम्पिसिन यकृताला असे चेतवते, की काही स्टॅटिन लवकर नष्ट होतात. रोसुव्हास्टॅटिनची मात्र नेहमीच्या उपचारांना जोड देऊन चाचणी झाली. २०२३मध्ये निकाल आला. थुंकी जंतुमुक्त व्हायच्या वेळेत म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता.